तोंडाचं छत, डोळ्याची जमीन

‘‘काका, ‘बाबा’ म्हणा बरं.’’

खुर्चीत बसलेल्या गृहस्थांनी ओठ मिटले, उघडले. ऐकू आलं ते ‘मामा’.

‘‘आता ‘दादा’.’’

‘‘नाना.’’

‘‘आणि ‘काका’?’’

‘काका’ मात्र जवळपास ‘काका’च आलं. डॉक्टरबाईंनी समोरच्या कागदावर तीन खुणा केल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘भोक कुठवर आहे ते तोंडात न बघताही कळतं. पुढून सुरू होतंय, पण पडजिभेकडचा भाग शाबूत आहे.’’

२०२१ सालच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. एका सरकारी दंत रुग्णालयात, कृत्रिम दात बसवण्याच्या विभागात मी ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. खुर्चीतले गृहस्थ जालन्याकडचे, कापूस आणि तूर करणारे. मे महिन्यात त्यांना कोविड झाला. त्यातून उठून घरी आले आणि पंधरा-वीस दिवसांत उजवा गाल सुजला, वरचे दात हलायला लागले, टाळूवर काळा डाग दिसला. काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस. लागोपाठच्या शस्त्रक्रियांत वरच्या जबड्याचा उजवा अर्धा भाग गेला, टाळूसकट आणि दातांसकट. जीव वाचला. पण चहाचा घोट घेतला की निम्मा नाकातून बाहेर यायचा, म्हणून ते नाक चिमटीत धरून चहा पीत. पंगतीत बसणं त्यांनी सोडलं होतं. हे त्यांच्या पत्नीने सांगितलं. ते स्वतः तोंडावरचा रुमाल सारखा करत गप्प बसून होते.

‘बाबा’चा ‘मामा’ का होतो, याचं उत्तर शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेतच आहे. ती ज्यांनी लावली त्यांना तोंडाच्या आतला भूगोल फार नेमका ठाऊक होता. क-वर्ग घशाजवळ, च-वर्ग जीभ टाळूला लावून (म्हणूनच तो ‘तालव्य’), ट-वर्ग जिभेचं टोक वर वळवून, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांत. प्रत्येक वर्गातली पहिली चार अक्षरं म्हणताना हवा तोंडात क्षणभर कोंडते आणि मग सुटते. पाचवं अक्षर म्हणताना मागची मऊ टाळू खाली येते आणि हवेला नाकाची वाट मोकळी होते. आता तोंड आणि नाक यांच्यामधला पडदाच गेला तर हवा कोंडणार कुठे? ओठ घट्ट मिटले तरी ती वरच्या भोकातून नाकात निसटते. मग प, फ, ब, भ हे सगळे म कडे घसरतात. त, थ, द, ध न कडे. क-वर्ग तेवढा तगतो, कारण तिथे जीभ हवेला अडवते ती भोकाच्या मागच्या बाजूला. एका हाडाच्या जाण्याने माणसाची निम्मी बाराखडी पाचव्या अक्षरात विरून जाते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा कानांनी ऐकलं.

खालचा जबडा समजायला सोपा आहे. घोड्याच्या नालासारखं एक भक्कम हाड, दोन्ही टोकांना बिजागरी. वरचा जबडा तसा नाही. तो मधोमध जुळलेल्या दोन हाडांचा असतो आणि त्याच्याकडे एकाच वेळी किती कामं असतात ते पाहा. तो तोंडाचं छत असतो आणि नाकाची जमीन असतो. नाकाची बाजूची भिंत त्याचीच. डोळा ज्या तळावर टेकलेला असतो त्या तळाचा मोठा भाग त्याचाच. अक्कलदाढा धरून सोळा दात त्याच्यात रोवलेले. आणि इतकं सगळं पेलणारं हे हाड आतून पोकळ! दोन्ही बाजूंना मिळून दोन पोकळ्या, प्रत्येकीत प्रौढ माणसात साधारण १५ मिलिलिटर हवा, म्हणजे तीन लहान चमचे औषध मावेल इतकी जागा. सर्दी मुरली की गालाच्या मागे जे जड वाटतं ते याच पोकळीत. डोळ्याखालचा तळ तर काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, अंड्याच्या टरफलासारखा.

मग दाढेखाली सुपारी फोडताना हे टरफल चुरडत कसं नाही? जुन्या वाड्याचा लाकडी सांगाडा आठवा. भार असतो खांबांवर आणि तुळयांवर. मधल्या भिंती नुसत्या भरावाच्या. वरच्या जबड्यातही असे तीन खांब प्रत्येक बाजूला असतात. एक नाकाच्या कडेने वर जाणारा, दुसरा दाढांपासून गालाच्या हाडाकडे, तिसरा अगदी मागे कवटीच्या तळाला टेकलेला. चावण्याचा जोर या तीन वाटांनी कवटीत पसरतो. फ्रान्समधल्या लील शहरातल्या रने ल फोर या शल्यविशारदाने १९०१ साली पस्तीस मृतदेहांच्या डोक्यांवर प्रयोग करून चेहरा कुठे कुठे तडकतो हे शोधलं. त्याने सोट्याने घाव घातले, डोकी टेबलाच्या कडेवर आपटली आणि मग मऊ भाग सोलून हाडावरच्या भेगा पाहिल्या. भेगा वाटेल तशा पडत नव्हत्या; ठरलेल्या तीन रेषांवरून जात होत्या. आजही रस्ते अपघातातल्या रुग्णाच्या कागदावर ‘ल फोर एक’, ‘ल फोर दोन’, ‘ल फोर तीन’ असंच लिहिलं जातं. पुढे वरचा जबडा नव्याने उभारायचा म्हटला की शल्यविशारदाला पहिला प्रश्न हाच पडतो, की कुठला खांब शिल्लक आहे?

काळ्या बुरशीने हे खांबच खाल्ले. ऱ्हायझोपस आणि तिच्या जातभाईंचे बीजाणू आपल्या भोवती नेहमीच असतात. शिळ्या पावावर ज्या बुरश्या धरतात त्यांतलीच ही. धडधाकट माणसाच्या नाकात ते शिरले तरी काही होत नाही. रक्तातली साखर बेसुमार वाढलेली, त्यात स्टिरॉइड आणि कोविडने थकलेलं शरीर, अशा वेळी ते रुजतात. बुरशीचे धागे रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसतात, आत गुठळी होते, आणि पलीकडचा भाग रक्ताविना मरतो. दिसतो तो काळा रंग बुरशीचा नसतो, मेलेल्या मांसाचा आणि हाडाचा असतो. अॅम्फोटेरिसिन हे औषध शिरेतून कितीही दिलं तरी मेलेल्या भागापर्यंत पोचायला वाटच उरलेली नसते. म्हणून तो भाग कापून काढण्याला पर्याय नसतो. आणि कुठवर कापायचं? रक्त येईपर्यंत. मेलेलं हाड ड्रिलखाली कोरडं राहतं, पांढुरकं किंवा राखाडी. जिवंत हाड लागलं की भोकातून लाल थेंब डोकावतो. तिथे थांबायचं. एरवी शस्त्रक्रियेत रक्त दिसलं की कपाळाला आठ्या पडतात. त्या उन्हाळ्यात डॉक्टर त्या थेंबाची वाट पाहत होते.

जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. सर्वाधिक महाराष्ट्रात, त्याखालोखाल गुजरातेत. राज्यातल्या कान-नाक-घसा आणि मुखशल्य विभागांनी त्या तीन-चार महिन्यांत जेवढे वरचे जबडे काढले तेवढे एरवी कित्येक वर्षांत काढावे लागले नसते. औषधाचा तुटवडा, काळाबाजार, मृत्यू, याच्या बातम्या रोज पहिल्या पानावर होत्या. जे वाचले त्यांचं पुढे काय, हा प्रश्न मात्र पहिल्या पानावर कधी आला नाही. ते घरी गेले आणि नाक चिमटीत धरून चहा पिऊ लागले.

यांच्यासाठीचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे बूच. शब्द ओबडधोबड आहे, पण वस्तू नेमकी तीच. टाळूच्या भोकात अडकणारी आणि उरलेल्या दातांना तारेच्या आकड्यांनी धरणारी पट्टी. तिला डॉक्टर ऑब्ट्युरेटर म्हणतात. सोळाव्या शतकात अॅम्ब्रॉइझ पारे या फ्रेंच शल्यविशारदाने धातूच्या पत्र्यावर स्पंज बसवून अशी बुचं केली. स्पंज ओलाव्याने फुगायचा आणि भोकात घट्ट बसायचा.

या बुचाची सर्वांत प्रसिद्ध कहाणी अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाची आहे. १८९३ साली ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या वरच्या जबड्याच्या डाव्या बाजूला गाठ आली. देश आर्थिक संकटात होता आणि चांदीच्या प्रश्नावरून राजकारण पेटलं होतं. त्याच जूनअखेर हिंदुस्थान सरकारने मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या, चांदीचे भाव कोसळले आणि वॉशिंग्टनमधला ताण आणखी वाढला. अशा वेळी राष्ट्राध्यक्षाला कर्करोग झालाय ही बातमी फुटणं परवडणारं नव्हतं. १ जुलैला मित्राच्या ‘ओनिडा’ नावाच्या बोटीवर, बोट पाण्यात असताना, डोलकाठीला टेकवलेल्या खुर्चीत बसवून त्यांची शस्त्रक्रिया झाली. सगळं काम तोंडातूनच केलं. बाहेर चिरा नाही, मिशीलाही धक्का नाही. डाव्या बाजूचा बराचसा जबडा निघाला. भोकात भरलेला बोळा काढला की त्यांचं बोलणं कुणालाच समजत नसे. मग न्यूयॉर्कचे दंतवैद्य कासन गिब्सन यांनी कडक केलेल्या रबराचं बूच बनवलं. ते लावल्यावर आवाज इतका पूर्ववत झाला की ऑगस्टच्या शेवटी एका वार्ताहराने सगळी हकीकत छापली तेव्हा लोकांनी त्यालाच खोटं ठरवलं. शस्त्रक्रियेत हजर असलेल्या डॉक्टर कीन यांनी १९१७ साली खरं काय ते लिहिलं, तेव्हा क्लीव्हलंड जाऊन नऊ वर्षं झाली होती. 

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या रबराच्या तुकड्यापुढे मी मनापासून हात जोडतो. आजही आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत अॅक्रिलिकचं असं बूच हजारोंना बोलतं करतं. जालन्याच्या गृहस्थांना त्या दिवशी तेच बसवायचं होतं. डॉक्टरबाईंनी गुलाबी पट्टी तोंडात सरकवली, अंगठ्याने वर दाबली, कडेला खुपतंय का विचारलं, काढून घासली, पुन्हा बसवली. असं चार-पाच वेळा. मग पाण्याचा पेला पुढे केला. त्यांचा हात सवयीने नाकाकडे गेला. ‘‘नको काका, हात खाली.’’ त्यांनी घोट घेतला. नाक कोरडं राहिलं. 

पण बुचाला मर्यादा आहेत. ते टिकतं उरलेल्या दातांच्या जोरावर. दोन्ही बाजूंचा जबडा गेला असेल तर आकडा अडकवायला दातच नसतात. भोक मोठं तेवढं बूच जड, आणि जड वस्तू छताला टांगून ठेवायची म्हणजे ती खाली येणारच. चावताना ते हिंदकळतं, नाकातला स्राव त्यावर साठतो, रोज काढून धुवावं लागतं. तिशी-पस्तिशीतल्या माणसाने पुढची चाळीस वर्षं रोज रात्री आपली टाळू काढून वाटीत ठेवायची, ही कल्पना करून पाहा. म्हणूनच हाडाच्या जागी हाड घालता येईल का, हा विचार पुढे येतो.

कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की बोटांखाली हाडाचा जो काठ लागतो तो शल्यविशारदांचा जुना खजिना आहे. त्या काठाच्या आत स्पंजासारखं मऊ, रक्ताने भरलेलं हाड असतं आणि त्यातल्या पेशी नवं हाड तयार करतात. या खजिन्याचा सर्वांत सुंदर उपयोग होतो तो दुभंगलेल्या ओठ-टाळूसह जन्मलेल्या मुलांसाठी. ओठ आणि टाळू लहानपणीच शिवतात, पण हिरडीच्या हाडातली फट तशीच राहते. सुळा फुटायच्या बेताला, साधारण आठ ते अकरा वर्षांच्या वयात, कमरेतलं मऊ हाड काढून त्या फटीत भरतात. काही महिन्यांत ते आजूबाजूच्या हाडाशी एकजीव होतं, आणि मग त्या मुलाचा सुळा त्या उसन्या हाडातून वाट काढत खाली उतरतो. १९७२ साली बॉइन आणि सँड्स या अमेरिकी डॉक्टरांनी ही वेळ साधण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून जगभर हेच करतात. हाड कमरेचं आहे हे दाताला कळतही नाही.

फट चिमूटभर असते आणि तिला चहूबाजूंनी जिवंत हाड असतं म्हणून हे साधतं. अर्धा जबडाच नसेल तर कमरेचा नुसता तुकडा बसवून भागत नाही. भरलेलं हाड सुरुवातीला मेलेलंच असतं; आजूबाजूच्या रक्तवाहिन्या त्यात हळूहळू शिरतात, जुनं हाड विरघळवतात, नवं रचतात. त्याला महिने लागतात. इथे एका बाजूला तोंड, दुसऱ्या बाजूला नाक, दोन्हीकडे जंतूंची वस्ती. वरचं आवरण जरा उसवलं की हाड उघडं पडतं आणि कुजतं. म्हणजे हाड न्यायचं तर त्याची रक्तवाहिनी सोबत घेऊनच न्यायला हवं.

असं हाड पायात आहे. नडगीच्या बाहेरच्या अंगाला, पोटरीत दडलेलं बारीक, लांब हाड, फिब्युला. शरीराचा फार थोडा भार त्याच्यावर असतो. घोटा आणि गुडघा डळमळू नयेत म्हणून दोन्ही टोकांना सहा-आठ सेंटिमीटर राखलं, तरी मधला वीस-पंचवीस सेंटिमीटरचा भाग काढता येतो, आणि माणूस पुन्हा चालतो. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या इयन टेलर यांनी हे हाड रक्तवाहिनीसकट दुसऱ्या पायात हलवलं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी त्याचा खालचा जबडा घडवला. पुढे ते वरही चढलं. सरळ हाडाला कमान कशी द्यायची? पाचर काढून. सुतार लाकडी पट्टीला मागून खाचा पाडून वाकवतो तसंच, फक्त इथे हाडावरचं पातळ आवरण आणि त्याला चिकटलेली रक्तवाहिनी अखंड ठेवायची. प्रत्येक तुकडा पुरेसा लांब हवा, नाहीतर त्याचं रक्त तुटतं. मग दोन-तीन मिलिमीटर जाडीची ती रक्तवाहिनी गालाखालून बोगदा काढून मानेपर्यंत न्यायची आणि तिथल्या धमनीला व शिरेला सूक्ष्मदर्शकाखाली शिवायची. धागा केसाहून बारीक असतो. आठ-दहा तास यात सहज जातात.

या शस्त्रक्रियेचा खरा कस लागतो तो मात्र त्या रात्री, आणि कसाला लागते परिचारिका. हाडासोबत पायाच्या कातडीचा एक तुकडाही आणलेला असतो. तो टाळूच्या जागी शिवलेला असतो. पहिले दोन-तीन दिवस तासातासाला परिचारिका बॅटरी घेऊन येते, रुग्णाच्या तोंडात डोकावते आणि त्या कातडीला सुई टोचते. लाल, ताजा थेंब आला तर सगळं ठीक. काळपट रक्त भसकन आलं तर शीर तुंबली आहे. काहीच आलं नाही तर धमनी बंद. या दोन्ही प्रसंगी झोपलेल्या शल्यविशारदाला उठवायचं आणि रुग्णाला तसंच पुन्हा टेबलावर घ्यायचं. उशीर झाला की पायातलं हाड गेलं आणि जबडाही मिळाला नाही अशी गत होते. इतक्या यंत्रांच्या काळात निर्णय एका सुईच्या थेंबावर येऊन ठेपतो, आणि तो थेंब ओळखणारी व्यक्ती बहुतेक वेळा पंचविशीतली, रात्रपाळीची मुलगी असते. शोधनिबंधांत तिचं नाव नसतं. असायला हवं.

काळ्या बुरशीच्या रुग्णाला हा मार्ग नेहमीच झेपत नाही. मधुमेहामुळे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या, शरीर आधीच थकलेलं, आणि पुन्हा दहा तासांची भूल. इथे टायटॅनियम पुढे येतं.

स्वीडनमधले पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ साली सशाच्या पायातलं रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर ती निघेना. हाड तिला बिलगून बसलं होतं. हवेशी गाठ पडताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर धरतो आणि हाड त्या थराला परकं मानत नाही. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू रोवून त्यांवर दात बसवले. आज गल्लोगल्लीच्या दवाखान्यावर ‘इम्प्लांट’ची पाटी दिसते तिचं मूळ या सशात आहे. पण स्क्रू रोवायला हाड तर हवं! ज्यांना वरचा जबडाच नाही त्यांच्यासाठी ब्रोनेमार्क यांनीच पुढे लांब स्क्रू काढले. नेहमीचा स्क्रू सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरचा. हा तीन ते पाच सेंटिमीटरचा, हिरडीच्या जागेतून निघून थेट गालाच्या हाडात जाऊन रुतणारा. वाड्याचा मधला मजला गेला तर तुळई वरच्या खांबाला टांगायची, असा हा प्रकार.

आणि गालाचं हाडही अर्धवट असेल तर? मग त्या एकाच माणसाच्या कवटीला बसेल अशी चौकट घडवायची. हिला रुग्णागणिक बनवलेली इम्प्लांट म्हणतात. कल्पना जुनी आहे. १९४०च्या दशकात स्वीडनचे गुस्ताव दाल हिरडी उघडून हाडाचा साचा घेत, धातूची जाळी ओतवत आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत ती हाडावर ठेवत. साचा कधी तंतोतंत यायचा नाही, जाळी हलायची, जंतू शिरायचे. पद्धत बदनाम होऊन अडगळीत गेली. ती परत आली सीटी स्कॅन आणि थ्री-डी छपाईमुळे. २०१७ मध्ये ब्रसेल्सच्या मॉरिस मॉमार्ट्स यांनी छापलेल्या चौकटीचं काम प्रसिद्ध केलं. चुकीची ठरलेली कल्पना पुष्कळदा नुसती अवेळी जन्मलेली असते, हे इथे पटतं.

काम चालतं ते असं. मिलिमीटरहूनही पातळ कापांचा स्कॅन काढतात. संगणकावर त्यातून कवटी उभी राहते. चांगल्या बाजूचं आरशातलं प्रतिबिंब घेऊन ते गेलेल्या बाजूवर ठेवतात, म्हणजे गाल कुठवर होता ते समजतं. मग अभियंता आणि शल्यविशारद समोरासमोर, पुष्कळदा पडद्यावरूनच, तासन् तास घासाघीस करतात. इथे हाड जाड आहे, इथे स्क्रू घ्या. इथून मज्जातंतू जातो, इथे नको. दात कुठे येणार? हा शेवटचा प्रश्न खरं तर पहिला विचारायचा असतो. आधी दात मांडायचे, मग ते पेलायला चौकट काढायची. उलट केलं तर चौकट झकास बसते आणि दात ओठाच्या बाहेर येतात.

छपाई म्हणजे शाई नव्हे. आर्गॉन वायूने भरलेल्या पेटीत टायटॅनियमची भुकटी, पिठाहून बारीक, मिलिमीटरच्या काही शतांश जाडीच्या थरात पसरतात. लेसर ठरलेल्या जागी ती वितळवतो. पुन्हा थर, पुन्हा लेसर. आर्गॉन अशासाठी, की तापलेलं टायटॅनियम ऑक्सिजनशी भिडलं तर ठिसूळ होतं आणि त्याची भुकटी पेटही घेते. बाहेर आलेला तुकडा भट्टीत शेकून आतला ताण घालवतात. मग हाडाला टेकणारी बाजू मुद्दाम खरखरीत ठेवायची, कारण हाडाला तिथे पाय रोवायचे असतात; आणि ओठ-गालाकडची बाजू आरशासारखी घासायची, कारण खरखरीत जागी जंतू घर करतात. मी असा एक तुकडा हातात घेतला आहे. दिसायला राखाडी कोळ्यासारखा, तीन पाय वेगवेगळ्या लांबीचे. स्टीलच्या अंदाजाने उचलला आणि हात वर गेला, इतका हलका. प्लास्टिकच्या कवटीवर ठेवला तर फक्त एकाच जागी, एकाच कोनात बसला. केसभर सरकवला की डुगडुगायचा.

ते तीन पाय पुन्हा त्याच तीन खांबांकडे जातात. नाकाची कड, गालाचं हाड, मागचा कवटीचा तळ. खांबांचा तोच नकाशा अभियंत्याच्या पडद्यावर असा उपयोगी पडतो.

हाड चांगलं की धातू? यावर परिषदांत जोरात वाद होतात. माझं मत साध्या निरीक्षणावर आधारलेलं आहे. फिब्युला जिवंत असते. एकदा रुजली की जंतूंशी झगडते, कर्करोगानंतर किरणोपचार सोसते, तरुण माणसाला जन्मभर पुरते. टायटॅनियमला स्वतःचं रक्त नाही. वरची हिरडी पातळ असली की चौकटीचा एखादा पाय काही वर्षांनी उघडा पडू शकतो आणि मग निस्तरणं अवघड होतं. शिवाय धातू हाडापेक्षा कितीतरी पट ताठ. सगळा भार त्याने घेतला की शेजारचं हाड आळसावतं आणि झिजतं. उलट चौकटीने पाय शाबूत राहतो, रुग्णालयातले दिवस वाचतात आणि दात लवकर मिळतात. तेव्हा कर्करोगाच्या तरुण रुग्णाला मी हाड सुचवेन, आणि बुरशीतून वाचलेल्या, साखर कशीबशी आटोक्यात असलेल्या पन्नाशीच्या माणसाला बहुतेक चौकट. दोन्ही एकत्रही आणतात. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१३ साली जे काम प्रसिद्ध केलं त्यात आधी संगणकावर सगळं मांडून, पायातलं हाड पायात असतानाच कापून, त्यात इम्प्लांट रोवून, दात चढवून, एकाच दिवसात जबडा पुरा केला होता.

सर्वांत अचाट प्रयोग फिनलंडचा. तिथे एका पासष्ट वर्षांच्या रुग्णाचा वरचा अर्धा जबडा गेला होता. डॉक्टरांनी त्याच्याच चरबीतून मूळपेशी काढल्या, त्या कॅल्शियम फॉस्फेटच्या कणांवर वाढवल्या, हाड वाढवणारं प्रथिन त्यात घातलं, सगळं टायटॅनियमच्या पिंजऱ्यात भरलं आणि तो पिंजरा त्याच्याच पोटाच्या स्नायूत ठेवला. आठ महिन्यांनी पोटातून हाड काढून तोंडात बसवलं, स्वतःच्या रक्तवाहिनीसकट. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अजून ते नेहमीच्या उपचारांत आलेलं नाही. पण कुणाच्या कमरेला वा पायाला हात न लावता जबडा मिळू शकतो, एवढं त्यातून दिसलं.

आपल्याकडे अडचण तंत्राची कमी आणि समजुतीची जास्त आहे. जीव वाचवण्याचं ते औषधोपचार, आणि दातांचं ते ‘सौंदर्याचं’, अशी एक रेघ आपल्या मनात पक्की आहे. घरातही ती असते. म्हातारपण आलंय, आता दात काय करायचे? त्या रेघेमुळे माणूस शस्त्रक्रियेनंतर परत येत नाही आणि त्याला परत बोलावायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. मला हे मान्य नाही. जो भाकरी चावू शकत नाही तो कण्या आणि चहा-बिस्किटावर राहतो, आणि त्यानेच त्याची साखर चढते. ज्या साखरेने बुरशी आणली तीच. ज्याचं बोलणं बाजारात समजत नाही तो मालाचा भाव करायला मुलाला पुढे घालतो. यात सौंदर्य कुठे आलं?

जालन्याचे गृहस्थ परत आले. वर्षभर बूच वापरलं, दर काही महिन्यांनी नाकात दुर्बीण घालून तपासणी झाली, बुरशीचा मागमूस नाही याची खात्री झाली, आणि मग चौकटीचं ठरलं. मी पुन्हा गेलो त्या दिवशी दातांची मांडणी चालली होती. डॉक्टरबाईंनी जुना फोटो आणायला सांगितलं होतं, दात दिसणारा. पत्नीने पिशवीतून एकेक काढून टेबलावर ठेवला. लग्नातला, शाळेच्या दाखल्यावरचा, मतदार ओळखपत्राचा, तुळजापूरचा. सगळ्यांत तोंड मिटलेलं. आपल्याकडे फोटोत हसायची रीतच नव्हती. शेवटी पुतण्याच्या लग्नातला एक निघाला. पंगतीत बुंदी वाढताना कुणीतरी काहीतरी बोललं असावं. हातात झारा, मान मागे आणि तोंडभर हसू. वरच्या मधल्या दोन दातांत चांगली फट दिसत होती.

डॉक्टरबाईंनी फोटो दिव्याखाली धरला. मेणात मांडलेल्या दातांकडे पाहिलं. ‘‘मावशी, ही फट बुजवू? दात सरळ एका ओळीत छान दिसतील.’’

मावशींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले.

‘‘ऱ्हाऊ द्या ती,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘तेवढीच वळख.’’

डॉक्टरबाईंनी दिव्यावर सुरी तापवली आणि मेणातले दोन दात एकमेकांपासून अलगद दूर सारले.